दारामागचा कोपरा

नाही नाही, मूर्ख मीच. ते आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला मनातल्या मनात म्हणत बसायला नको. आणि या मूर्खपणात आमचे हे निम्मे भागीदार आहेत, दुकानात आहेत तसेच, तेही सांगून ठेवते... हो, दुकान आहे आमचं, रंगाचं. भिंतींचे रंग. हे लोकांच्या घरी जाऊन रंग लावून देतात आणि मी गल्ल्यावर बसून कुठला लावायचा ते लोकांना सांगते. सांगते म्हणजे काय, ठरवूनच देते! माणसं येतात, शेडकार्ड उलटं धरतात, सुलटं धरतात, उन्हात नेऊन बघतात, दोन पांढऱ्यांमध्ये अडकून पडतात, एकाचं नाव ‘सायीचा पांढरा’, दुसऱ्याचं ‘सकाळचा पांढरा’, नवरा-बायको भांडणाला येतात, आणि मी चहाचा कप खाली न ठेवता म्हणते, सकाळचा घ्या, तुमच्या खोलीत उजेड कमी आहे. झालं! घेतात आणि जातात. दुसऱ्याच्या भिंतीबद्दल माझं डोकं असं चालतं म्हणून सांगू... आणि स्वतःच्या पोरींना लस द्यायची का नाही हे ठरवायची वेळ आली तेव्हा... जाऊ द्या. नाही, जाऊ कशाला द्या, तेच तर सांगतेय.

तर हा नवा फ्लू आला. आणि शाळेतून निरोप आला, की लस आलेली आहे, दवाखान्यात मिळेल, द्यायची की नाही ते पालकांनी ठरवावं. पालकांनी ठरवावं? अहो, मोज्यांचा रंग तुम्ही ठरवता, वेण्या किती उंचावर बांधायच्या ते तुम्ही ठरवता, वहीला कव्हर कसलं घालायचं तेही तुम्हीच ठरवता, आणि नेमकं हे एवढं आमच्या गळ्यात?

दोन मुली आहेत मला. थोरली आठवीत, म्हणजे तिला सगळं माहीत असतं. धाकटी तिसरीत. आणि धाकटीची छाती... तुम्हाला सांगते, मागच्या थंडीत साधी सर्दी झाली होती तिला, साधी, नाक गळायची सर्दी, आणि ती अशी छातीत उतरली की श्वास घेताना तिच्या गळ्याखालची ती खळी असते ना, ती आत-आत जायची. इस्पितळात त्या बाकावर मी तिला मांडीवर घेऊन बसले होते आणि त्या खळीकडे बघत होते. बाहेर आली की मी श्वास घ्यायचा, आत गेली की थांबायचं. तेव्हापासून घरात कोणी शिंकलं की मी हातातलं काम टाकून आधी तिच्या गळ्याकडे बघते. शिंकणारा मेला तरी चालेल!

म्हणजे लस द्यायलाच हवी, नाही का? पण लस दिली आणि तिनंच काही झालं तर? हसू नका. रोगानं काही केलं तर ते रोगानं केलं. सुईनं काही केलं तर ते मी केलं, मी माझ्या हातानं तिला तिथं नेलं, मी तिची बाही वर केली. असा हिशोब माझ्या डोक्यात. आणि एकदा तो डोक्यात शिरला की भात करपतो, दूध उतू जातं, गिऱ्हाइकानं निळा मागितला तर मी हिरवा देते.

डॉक्टरांकडे गेलो दोघं. मी घरून सगळे प्रश्न ठरवून गेले होते. डॉक्टर म्हणाले, द्या. एवढंच! मला वाटलं काही बोलतील, हे बघा, ते बघा... नाही, द्या. मी म्हटलं, पण धाकटीची छाती नाजूक आहे. तर म्हणाले, म्हणूनच द्या. मी म्हटलं, थोरली तर धडधाकट आहे, म्हणाले, तिलाही द्या. आता काय करायचं या माणसाचं? मग मी माझा हुकमाचा पत्ता काढला. म्हटलं, डॉक्टर, तुम्ही तुमच्या मुलांना दिलीत?

“मला मुलं नाहीत.”

बाहेर आल्यावर मी यांना म्हटलं, बघितलंत, ज्याला मुलंच नाहीत त्याचं काय धरायचं? हे म्हणाले, असती तर तू म्हणाली असतीस, ह्यांना त्यांच्याच मुलांची काळजी, आपल्या मुलींची कशाला असेल. खरं आहे ते. म्हटलंच असतं.

मग सासूबाई. आमच्या सासूबाईंचा आवाज तुम्ही ऐकायला हवा, असा खाली लावलेला, सोशिक... “मला कोण विचारतं बाई, तुमच्या मुली, तुम्ही ठरवा.” बरं, म्हटलं विचारू या. आई, तुम्हाला काय वाटतं? तर म्हणतात, मी कशाला सांगू, उद्या काही झालं तर म्हणाल सासूनं सांगितलं. बरं मग नको द्यायला? “नको असं मी कधी म्हटलं? उद्या आजारी पडली तर म्हणाल सासूनं अडवलं.” आणि मान वळवून बसल्या. मनात आलं, काय ही बाई! आणि मग लक्षात आलं की मीही नेमकं हेच करतेय, फक्त माझ्याकडे मान वळवायला जागा नाही. आई आहे ना मी.

मग मी गिऱ्हाइकांना विचारायला लागले. एकीच्या भाच्याचा हात दुखला, एकीच्या शेजाऱ्याच्या कुणाला तरी काहीतरी झालं, काय ते तिला माहीत नव्हतं, पण झालं एवढं नक्की. एक गृहस्थ म्हणाले, मला नुसतं प्रायमर द्या.

शेवटी आमच्या ह्यांना तोड सुचली. आता यांची कामाची पद्धत सांगते, नाहीतर कळायचं नाही. हे कुठल्याही घरी गेले की भिंतीला थेट हात लावत नाहीत. आधी दारामागे, जिथं कोणाचं लक्ष जाणार नाही, तिथं कोपऱ्यात एवढासा रंग लावतात. वाळू देतात. फुगतो का, पोपडे धरतो का, डाग येतो का ते बघतात. नीट बसला की मग भिंत. इतकी वर्षं झाली, एकाही घरातून तक्रार नाही. तर हे मला म्हणाले, अगं, आपण तसंच करू. एकीला देऊ, काय होतं ते बघू, मग दुसरीला.

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, वा. वाटी आमटी जास्त वाढली यांना. आणि वाढता वाढता हातातला डाव तसाच राहिला. म्हटलं, अहो... पण कोपरा कोण?

हे जेवायचे थांबले. कारण बघा, धाकटीवर तर बघायचं नाही, तिची छाती. मग उरली कोण? थोरली. धडधाकट. बरोबर? पण धडधाकट आहे म्हणून तिच्यावर बघायचं? तुम्हाला सांगते, त्या पोरीवर आम्ही जन्मापासून बघतच आलोय. आंघोळीचं पाणी किती कढत ते तिच्यावर शिकलो. ताप कधी अंगावर काढायचा आणि कधी धावायचं ते तिच्यावर शिकलो. रागवायचं किती, तेही तिच्यावरच... जास्त झालं ते तिला, आणि बेतानं झालं ते धाकटीला. थोरली म्हणजे आमच्या घरातला दारामागचा कोपराच. आणि आता हेही?

आणि ही दाराआडून ऐकत होती. आली. हात बांधून उभी राहिली.

“मी कोपरा आहे का?”

नाही गं, म्हटलं, असं कुठं असतं का.

“मग धाकटी कोपरा आहे?”

हे म्हणाले, बाळा, कोपरा कोणीच नाही, ती एक पद्धत असते. तर म्हणते, मग भिंत कोण आहे? आणि ताट उचलून गेली. ताट स्वतःहून उचललं, म्हणजे बघा किती लागलं असेल तिला.

याच आठवड्यात दुकानात त्या सिस्टर आल्या. दवाखान्यात लस देतात त्याच. त्यांनी मागे माझ्याकडून ‘ओली वाळू’ रंगाचा लहान डबा नेला होता, लावून बघते म्हणाल्या, आणि अर्धी भिंत लावून विचारच करत बसल्या, आवडतोय का नाही, आवडतोय का नाही... आणि आवडला असं ठरवून आल्या तेव्हा त्याचा माल संपलेला. मी म्हटलं, आता सोमवारी येईल. त्या म्हणाल्या, अहो, भिंत अर्धी राहिलीय, सोमवारपर्यंत मी काय करू? आणि मी, चहाचा कप हातात, म्हटलं, भिंतीकडे बघू नका. मला माझ्या विनोदाचं फार हसू आलं. त्या नाही हसल्या.

तर एवढं होऊनही माझ्या डोक्यात तेच. कोपरा कोण? केस विंचरताना, डबे पुसताना, मशीनमध्ये रंग घुसळत असताना. कोपरा कोण? आणि एकदम उजेड पडला... मी! मीच की! घरात एवढी मोठी बाई असताना पोरींवर कशाला बघायचं? यांना सांगितलं नाही. म्हटलं, सांगितलं तर हे म्हणतील मी घेतो, मग मी घेते, मी घेतो, त्यातच महिना जाईल. भाजी आणायला जाते म्हणून निघाले आणि दवाखाना गाठला. सिस्टर म्हणाल्या, मुलींना नाही आणलं? म्हटलं, आधी माझ्यावर बघते. त्यांनी माझ्याकडे जरा पाहिलं आणि म्हणाल्या, मोजक्याच आल्यात हं ताई. पण मी तेव्हा इतकी थोर झाले होते ना, की मला ऐकूच आलं नाही! बाही वर करताना डोळ्यांत पाणी आलं माझ्या, माझ्याच त्यागामुळे.

मग बघत बसले. आरशात जीभ बघ, डोळे बघ, नाडी बघ, नाडी कुठं असते ते आधी शोध. जरा उबदार वाटलं, वाटलं ताप, तर मी चुलीपाशीच उभी होते. काही म्हणजे काही झालं नाही. डावा हात तेवढा ठणकत होता.

दुसऱ्या दिवशी दुकानात मोठा डबा आत घ्यायचा होता. तो आम्ही दोघं मिळून उचलतो, यांचा उजवा हात, माझा डावा, वर्षानुवर्षं तसंच. मी म्हटलं, आज मी त्या बाजूनं धरते. हे म्हणाले, नको, माझी हीच बाजू बरी... म्हणजे मी उजव्या हातानं धरायला यांच्या बाजूला, आणि तिथून हे हलेनात. म्हटलं, अहो सरका की, डावा हात लावा आज. म्हणाले, डावा नको. का नको? उगाच. उगाच म्हणजे? एकाच कडीला दोघं धरून उभे, डबा एका अंगानं वर, दुसऱ्या अंगानं जमिनीवर, आणि मग मी यांच्या दंडाकडे पाहिलं आणि यांनी माझ्या.

“तू पण?”

तुम्हाला सांगते, हसावं का रडावं कळेना. एका घरात राहणारी, एका ताटात जेवण सोडून बाकी सगळं एकत्र करणारी दोन माणसं, चोरून चोरून कोपरा होऊन आली! यांनी तर आदल्या सकाळीच घेतलेली. म्हणाले, मला वाटलं तू घाबरशील.

मग आम्ही डब्यावरच बसलो. मी म्हटलं, बरं, आपल्याला काही झालं नाही, मग देऊ या मुलींना? हे म्हणाले, देऊ या... पण आपण मोठे. लहानांचं वेगळं असेल का? आणि मी, मला खरं म्हणजे यांना तिथंच गप्प करायला हवं होतं, डॉक्टर इतकं स्पष्ट बोलले होते, पण मी काय म्हणाले असेन? म्हटलं, हो ना, लहानांचं वेगळं असेल. घ्या! दोन कोपरे रंगवून झाले आणि भिंत कोरीच्या कोरी. पुन्हा तेच. कोपरा कोण?

आणि मग काल धाकटी शाळेतून आली, बूट काढता काढता म्हणाली, आज माझ्या शेजारी कोणी नव्हतं, मला अख्खा बाक मिळाला. खुशीत होती. मी सहज विचारलं, का गं? म्हणाली, माझ्या बाकावरच्या मुलीला फ्लू झालाय, इस्पितळात आहे, तिला तोंडावर ते लावलंय, माझ्यासारखं. श्वासाचं.

ती बूट काढत होती आणि मी तिच्या गळ्याकडे बघत होते. आणि माझा तो सगळा हिशोब आहे ना, रोगानं केलं आणि मी केलं, तो तिथल्या तिथं फुटला. कारण तोपर्यंत न देणंही मीच केलं होतं की. रोज केलं होतं. चहाचा कप हातात घेऊन.

घाल बूट परत, म्हटलं. थोरलीला हाक मारली, यांना दुकानातूनच उचललं, शटर अर्धं तसंच, आणि धावत दवाखान्यात. धापा टाकत मी सिस्टरना म्हटलं, दोघींना द्या, आत्ताच्या आत्ता, काही विचारू नका.

त्यांनी फ्रीज उघडला. म्हणाल्या, एकच आहे.

अहो असं कसं, म्हटलं, परवा तर होत्या!

“होत्या. एक तुमच्या मिस्टरांनी घेतली, एक तुम्ही.”

हे माझ्याकडे बघेनात, मी यांच्याकडे बघेना. आणि मग सिस्टर म्हणाल्या, कोणाला देऊ?

इतके दिवस तेच विचारत होते ना मी? कोपरा कोण, कोपरा कोण... आणि ज्या पोरीवर काही बघायचं नाही म्हणून सगळा घोळ घातला होता, तिलाच मी दोन्ही खांदे धरून पुढं केलं. हिला, म्हटलं. श्वास घ्यायलाही थांबले नाही.

थोरलीनं येतानाच स्वतःची बाही वर करून ठेवली होती. तिनं धाकटीचा हात धरला, तिला सांगितलं तिकडं बघ, काही नसतं त्यात, आणि झाल्यावर मागं जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. बाही हळूहळू खाली केली.

“म्हणजे या वेळी मी कोपरा नाही,” म्हणाली. हसत होती का काय, मला अजून कळलेलं नाही.

आणि तेवढ्यात तिनं घसा खाकरला. नुसता खाकरला हो, माणसं खाकरतात! पण माझी नजर गेली तिच्या गळ्याकडे, आयुष्यात पहिल्यांदा हिच्या गळ्याकडे, आणि तिथून हलेचना. मी तशीच बघत बघत विचारलं, सिस्टर, हिची कधी?

सोमवारी येतील, म्हणाल्या.

सोमवारपर्यंत मी काय करू हो?

सिस्टरनी फ्रीज लावला, नीट बसला का ते एकदा ओढून बघितलं, आणि म्हणाल्या,

“भिंतीकडे बघू नका.”