पिकअपला लागलेली दृष्ट

थांब, आधी चहा पिऊ दे. त्या जुन्या पिकअपने जीव नकोसा केलाय.

जॉर्ज टाउनमधून स्टीलची भांडी भरून शोळिंगनल्लूरच्या दुकानात आणायची, एवढंच तिचं काम. पण अर्ध्या वाटेत तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जायचा आणि इंजिन धक्के खायला लागायचं. थर्मोस्टॅट बदलला, पाण्याचा पंप बदलला, रेडिएटर धुऊन घेतला. तरी तेच.

आमच्या सासूबाई जन्मापासून चेन्नईतच. दृष्ट लागू नये म्हणून इथे राक्षसाचा मुखवटा टांगतात, तसा त्यांनी आयुधपूजेला गाडीच्या पुढच्या जाळीवर बांधला होता. म्हणाल्या, "जावईबापू, हा लहान पडतोय. दृष्ट जबरदस्त आहे." आणि सुपाएवढा नवा बांधला. त्यानंतर तर गाडी दुकानापर्यंत पोचेचना.

परवा भर उन्हात रस्त्याकडेला बसलो होतो. समोर तो राक्षस जीभ काढून बघतोय आणि त्याच्या बरोबर मागे रेडिएटर. वारा शिरणार कुठून? मुकाट्याने मुखवटा सोडला. गाडी मुकाट्याने घरी आली.

सासूबाईंना सांगितलं, "आई, मुखवटा काढला आणि गाडी तापायची थांबली."

"म्हणजे सगळी दृष्ट त्याने ओढून घेतली! गुणाचा आहे हो. आता घराला बांधते."

बांधला. बाल्कनीत, एसीच्या बाहेरच्या युनिटवर, जाळी पूर्ण झाकून.

कालपासून एसी गार करत नाहीये. सासूबाई आणखी मोठा मुखवटा आणायला गेल्यात, पिकअप घेऊन.