अंगणातली बोट

महाल भागातल्या रॉकेलच्या रांगेत पुढचं जोडपं अंगणातल्या जुन्या फायबरच्या बोटीविषयी बोलू लागलं, तसे निवृत्त त्र्यंबकराव डबा सावरून थोडे पुढे सरकले.

"भंगारवाल्याले आजच सांगतो. यावेळी गळली तं अंगण तुझं, असंच ठरलं होतं ना?"

"पण बोटीतच पाणी काहून भरता?"

"तलावात बुडाली तं काढन कोण? आतलं बाहेर येत नसन, तं बाहेरचंही आत येणार नाही. काल काठोकाठ भरली होती वं! सकाळी पाहतो तं चार बोटं खाली."

"खालची माती तं कोरडीच होती."

"मे महिन्यातली माती ते! पिऊन टाकलं तिनं. दोन वर्षं घासली, भेगा बुजवल्या, मागच्या टोकाले सुकाणूचा खांब नवा बसवला. गेलं सगळं!"

रांग दोन पावलं सरकली. बाई जागची हलली नाही. त्र्यंबकरावही थांबले.

"अहो, पहाटे नळ नव्हता आला."

"मंग?"

"मंग पोरांच्या आंघोळी कशानं झाल्या असतील?"

"बोटीतून घेतलं तू?"

"पाच बादल्या."

"अंगण गेलं वं तुझं!"

"माहीत आहे. चला पुढे, लोक थांबून राहिले."