इंदूकाकूंची वाटी

चौबे कॉलोनीतल्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक सासू-सून बसल्या होत्या. बाळ रडत होतं.

“आई, पिशवीतली बाटली द्या. भूक लागली त्याले.”

“इथं नको. सगळे पाहून राहिले.”

“डॉक्टरांनीच सांगितलं ना, गोळ्या सुरू आहेत तोवर अंगावर पाजू नका म्हणून?”

“हव, पण डोकं बिघडल्याच्या गोळ्या आहेत, असं कोणाले सांगू? रायपूर राजधानी झालं, पण आपला पारा, आपला मोहल्ला तोच आहे. तू पाजते, असंच सांगितलं मी सगळ्यांले.”

“परवा शेजारच्या इंदूकाकू वाटी घेऊन कशाले आल्या होत्या?”

“नातीचे डोळे आले. बाळंतिणीच्या दुधाचे दोन थेंब मागून राहिल्या होत्या.”

“माझं दूध दिलं तुम्ही?”

“नाही व! गोळ्यांचं दूध कसं देईन? डब्ब्याची पावडर घोळून दिली.”

“पोरीच्या डोळ्यात टाकायले?”

“नाही म्हटलं असतं तर काहून, म्हणून विचारलं असतं.”

“आता कशी आहे ती?”

“दोन्ही डोळे सुजले म्हणे. आज सकाळी पुन्हा आल्या होत्या वाटी घेऊन.”

“मग खरं सांगितलं ना?”

“भरून दिली.”

“आई! आत्ताच्या आत्ता फोन लावा त्यांले. डॉक्टरकडे घेऊन जा म्हणा पोरीले.”

“लावतो. लाज वाटून राहिली मले.”

“माझी?”

“सकाळपर्यंत तुझी वाटत होती.”