'नाहीतर' कुणाचा?

तुम्हाला खोटं वाटेल, पण सत्तरच्या दशकात सोलापुरात बसून मी मराठी शब्दांची कॉम्प्युटरची भाषा रचत होतो. गावात कॉम्प्युटर एकही नव्हता. कुठलं वाक्य बरोबर आणि कुठलं चूक हे यंत्राला कळावं, म्हणून त्या भाषेचं व्याकरण मी दोन वर्षं वहीत लिहिलं. मी गणित शिकवायचो त्या कॉलेजातले विभागप्रमुख म्हणाले, "दे की, पुण्याला दाखवतो."

पुढं कॉलेजातच परिषद भरली. सरांनी तेच व्याकरण वाचलं, स्वतःच्या नावानं. पुण्याच्या एका प्राध्यापकांनी विचारलं, "एकाच वाक्यात दोन 'जर' आणि एकच 'नाहीतर' आला, तर तो कुठल्या 'जर'चा?"

सरांनी वहीची पानं उलटसुलट चाळली. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "अरे, तू सांग की."

मी उठलो. "जवळच्या 'जर'चा," म्हणालो आणि त्यासाठीचा नियम फळ्यावर लिहून दाखवला. टाळ्या पडल्या.

सर म्हणाले, "बघा, माझी वही उतरवून उतरवून आमच्या हंगामी मास्तरालाही पाठ झालंय!"

सगळे हसले. आणि नोकरी पक्की व्हायची होती म्हणून मीही हसलो.