थरथर कोणाची

दवाखान्यात सुजलेलं मनगट सांभाळत बसलेल्या बाईंचा नंबर अजून लांब होता. शेजारी कारखान्याचे मालक खोकल्याची गोळी चघळत होते. त्यांनी धरून आणलेले कारागीरकाका मांडीवर पिशवी घेऊन बसले होते.

"काका, हात थरथरतो असं डॉक्टर म्हणाले, की ड्रिल मशीन बंद. उद्यापासून गेटवर बसायचं."

"हात नाही हो मालक, ड्रिल डुगडुगतंय."

"नवं ड्रिल दिलं, तरी भोक मोठंच!"

"म्हणूनच ड्रिल धरणारा चक काढला आणि नुसत्या फिरत्या दांड्याला, स्पिंडलला, डुगडुग मोजायचा डायल लावला. काटा ढिम्म हलला नाही."

"आणि चक बसवल्यावर?"

"नाचायला लागला."

"बघा! बसवला कोणी? तुम्हीच. तुमची थरथर त्याला लागली."

"थरथर म्हणजे काय खरूज आहे, लागायला?"

"मग चकच खराब."

"आतलं काढून दुसऱ्या मशीनवर लावला, तर सरळ फिरतो. म्हणजे दोष चक आणि स्पिंडलच्या मधे. निघालं ते परत तसंच आत ठेवलंय. हा घ्या पिशवीतला चक, बोट घाला आत."

"कागद आहे. कोणी कोंबला हा?"

"हुंगून बघा."

"…आल्याचा वास येतोय."

"तुमच्या तोंडालाही येतोय."

"चक सारखा निसटून पडायचा हो! म्हटलं, गोळीच्या कागदाने घट्ट बसेल."

बाई घाईघाईने भिंतीवरचा दातांचा तक्ता वाचू लागल्या.

"पुढचा पेशंट कोण?" नर्सने विचारलं.

"काका, आता आत काय सांगायचं?"

"खोकला सांगा. पण लवकर आटपा, मला मशीनवर जायचंय."