कोळंबीच्या तळ्यातला कागद

ऐका. पाय पाण्यात सोडून बसलात तरी चालेल. या पाण्यात काही नाही. चिरे मी बसवलेत, मला ठाऊक आहे. पण ही टाकी पुरी व्हायच्या आधी एका रात्री गंगाराम भुवडावर जे गुदरलं, ते त्याने तेव्हा फक्त मला सांगितलं होतं. आज तोच म्हणाला, सांग पोरांना, त्यांना माहीत असलेलं बरं. म्हणून सांगतो.

गंगाराम एसटीच्या वर्कशॉपात होता. निवृत्त होऊन गावी आला आणि दुसऱ्याच श्रावणात शेवंतीवहिनी न्हाणीच्या दगडावरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळी बसली, पण पाय काही भार घेईना. दोन माणसांनी धरून उठवायचं, दोन माणसांनी निजवायचं. डॉक्टर म्हणाले, यांना छातीइतक्या पाण्यात रोज चालवा, पाण्यात अंगाचं वजन जाणवत नाही. सांगून मोकळे झाले. आता छातीइतकं पाणी आणायचं कुठून? आपल्या नदीला दिवाळीनंतर गुडघाभर पाणी. विहिरीत माणूस चालणार कसा?

तेव्हा गंगारामने ठरवलं, परसात आपणच पोहायचा तलाव करायचा.

गाव हसलं. मीही हसलो, खोटं कशाला बोलू? पण तो कारखान्यात राबलेला माणूस, बरं का. एकेक गोष्ट तपासत गेला. शहरातून तलाव बांधणारा बोलावला. त्याने जो आकडा सांगितला, त्यात अख्खी आंब्याची बाग गेली असती. त्याला चहा पाजून परत पाठवला. बाजारात निळ्या प्लास्टिकचे तयार हौद मिळतात, ते पाहून आला. उन्हाने एका वर्षात चिरतात, आणि उतरायला शिडी, ती वहिनींना चढता येणार नाही. सिमेंटची टाकी? आपला कातळ तापला की तिला भेगा जाणार. शेवटी काढलं शोधून. निम्मी टाकी जमिनीत, निम्मी वर. कडेने जांभ्याचे चिरे आणि आतून शेततळ्याला घालतात तो जाड काळा कागद. म्हणायला कागद, असतं प्लास्टिकच. एका बाजूला रुंद पायऱ्या. खोदाई त्याने स्वतः केली, दीड महिना. पायऱ्यांच्या कडेला धरायला मोडीत निघालेल्या एसटीचे दांडे आणले. ते बघा, अजून चकचकताहेत.

राहिला कागद. नवा महाग. तेवढ्यात कळलं, खाडीपलीकडचा कोळंबीचा प्रकल्प बंद पडलाय आणि तळ्यांतला कागद मालक जवळपास फुकट देतोय. फक्त आपला आपण कापून न्यायचा.

पौष महिना. गंगाराम दुपारी सायकल घेऊन गेला. चिखलातून कागद सोडवता सोडवता दिवस मावळला. गुंडाळी करून सायकलवर आडवी बांधली. तांदळाच्या गोणीएवढी जड असेल, जास्त नाही. तिथला राखणदार म्हणाला, कागदात खाडीचं पाणी राहिलंय, उलगडून निथळू दे, आणि आता इथेच झोप, सकाळी जा. गंगारामला कुठला धीर! शेजारची काकी रात्री नऊला आपल्या घरी जाणार. मग वहिनी एकट्या. तहान लागली तरी उठता येत नाही. डांबरी रस्त्याने यायचं तर नऊ किलोमीटरचा वळसा. खाडीतल्या खारबांधाने अर्धा तास. आणि तुम्हाला माहीत आहे, अंधार पडल्यावर खारबांधाने कोणी येत नाही.

तो आला.

दोन्ही बाजूंना खाजणाचं पाणी. मधे हा एवढासा बांध. चंद्र नाही. एका हातात बॅटरी धरून सायकल ढकलत चाललाय. शंभर पावलं झाली आणि सायकल जड झाली. थांबला, चाकं दाबून पाहिली. हवा आहे. पुन्हा निघाला. पुन्हा जड. मागे ओल्या पायांचा आवाज, चपक, चपक. हा थांबला की तो थांबे. हा निघाला की चपक, चपक.

गंगाराम घाबरला नाही. म्हणाला, कोणी कोळी असेल जाळं लावायला आलेला.

मग आवाज आला. साधा, म्हाताऱ्या माणसाचा. "पाव्हणं, एवढा कागद कशाला नेताय?"

आता रात्री बांधावर हाकेला ओ देऊ नये, हे गंगारामला शिकवायला नको. तो गप्प राहिला. पण आवाज पुढे म्हणाला, "टाकी करताय वाटतं. चांगलं काम आहे."

ऐका हं, इथेच गंमत आहे. दीड महिना तो माणूस कातळ फोडत होता आणि एकाही माणसाने, मी धरून, चांगलं काम आहे असं म्हटलं नव्हतं. म्हशीचं डबकं म्हणायचे लोक. आणि इथे काळोखात कोणीतरी आपुलकीने विचारतंय. गंगाराम विरघळला. बोलला.

किती लांब? वीस फूट. रुंद? दहा. खोल किती? एका अंगाला तीन, दुसऱ्या अंगाला चार. पायऱ्या कशा, पाणी गाळणार कसं? यानेही सगळं सांगितलं. वाळू भरलेलं पिंप कसं लावणार, छोटा पंप कुठे बसवणार, जुनं पाणी माडांना कसं सोडणार. सांगताना त्याला इतकं बरं वाटत होतं, की एकेका उत्तराबरोबर सायकल जड होतेय हे त्याच्या ध्यानातच येईना. खांदे भरून आले, घाम फुटला, तरी बोलतोय.

मग आवाजाने विचारलं, "आणि टाकीत पहिल्यांदा उतरणार कोण?"

नाव ओठावर आलं होतं. तेवढ्यात गंगारामला कळलं, आवाज मागून येत नाहीये. आवाज गुंडाळीच्या आतून येतोय. त्याच्या कानापासून वीतभर अंतरावरून.

गिऱ्हा होता तो. पाण्यात बुडून मेलेला जीव. पाणी सोडून त्याला हलता येत नाही, म्हणून राखणदार म्हणाला होता त्या राहिलेल्या पाण्यात बसून निघाला होता टाकीत राहायला. आणि माणसाचं नाव घेतलं, की ते माणूस त्याचं.

गंगारामने दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटलं. बॅटरी खाली पडली, विझली. आतून आता वहिनींचा आवाज. "अहो, मला तहान लागलीय. माझं नाव घेऊन हाक मारा ना एकदा."

हा बोलला नाही. डोळ्यांतून पाणी आलं, पण बोलला नाही. समोर घराचा दिवा दिसायला लागला. जवळच, पंचवीस पावलांवर. तो तिकडे वळला आणि चाक पाण्यात गेलं. मग दुसरं चाक. मग याचा गुडघा. दिवा खाडीच्या मधोमध होता, पोरांनो.

सायकल सोडून पळावं, असं वाटलं त्याला. पण कागद सोडला तर टाकी गेली, आणि टाकी गेली तर शेवंतीचा पाय गेला. त्याने सगळा जोर लावून सायकल मागे ओढली, खिशातल्या सुरीने दोऱ्या कापल्या आणि गुंडाळी बांधावर उलगडली. पाणी वाहायला लागलं. तांब्याभर असायला हवं होतं. घागरभर आलं, मग दहा घागरी, थांबेचना. शेवटी थांबलं. मग गंगारामने अंगातला सदरा काढला आणि कागद पुसायला बसला. पौषातल्या थंडीत, उघड्या अंगाने. पुसायचा, पिळायचा, पुसायचा, पिळायचा. एकेक घडी. कोरड्या जागी गिऱ्हा टिकत नाही. जसजसा कागद कोरडा होई, तसतसा आवाज बारीक होत गेला. आधी धमक्या. मग शिव्या. मग रडणं.

शेवटच्या घडीत ओंजळभर पाणी उरलं. आतून म्हणाला, "एवढं राहू दे. खाडीत फार एकटं वाटतं."

ते ऐकून मात्र त्याला वाईट वाटलं, असं गंगारामने मला सांगितलं. म्हणून झटकून न टाकता त्याने ते पाणी कडेला नेऊन हळूच खाडीत सोडलं. आणि तिथेच फसला. खालून हात आला, बर्फासारखा, आणि घोटा धरला. कमरेपर्यंत ओढला त्याला. बांधावर तिवराचं एक खोड होतं, ते सापडलं म्हणून बरं. त्याला मिठी मारून लाथा झाडत राहिला. एक वहाण त्या हातात गेली आणि हा वर आला. कागद खांद्यावर टाकला, सायकल तिथेच सोडली आणि धावला. आता कागद बघा कसा, सुपासारखा हलका.

घरी पोचला तेव्हा कोंबडा आरवत होता. वहिनी जाग्या. तहानेने घसा सुकलेला. याला तसा उघडा, चिखलाने माखलेला पाहून त्या आधी रडल्या, मग रागावल्या. याने पाणी दिलं, पायाशी बसून राहिला. त्या म्हणाल्या, "मला चालायचं नाही. पण असं पुन्हा करू नका." गंगाराम म्हणाला, "चालायचं तर आहेच."

कागद त्याने तीन दिवस कातळावर उन्हात वाळवला. मी म्हटलं, अरे, पाण्यात घालायचा तो वाळवतोस कशाला? तेव्हा त्याने मला सगळं सांगितलं. घोट्यावरची पाच बोटं दाखवली, काळीनिळी. मग मी हसलो नाही. उरलेल्या कामाची मजुरी मी घेतली नाही, ते जाऊ दे.

महाशिवरात्रीच्या सुमाराला विहिरीचं पाणी भरलं. वहिनी दांड्याला धरून पायरी पायरी उतरल्या. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं, आणि त्यांनी दांडा सोडला. एक पाऊल. मग दुसरं. गंगाराम कडेला उभा, तोंड फिरवून. वहिनी म्हणाल्या, "अहो, इकडे बघा, दुखत नाहीये." पुढच्या वर्षी शिमग्याची पालखी बघायला त्या आपल्या पायांनी देवळापर्यंत गेल्या. आणि आता गावातली तुम्ही सगळी पोरं इथे पोहायला शिकताय, आणि त्या आत तुमच्यासाठी भजी तळताहेत. वास येतोय ना?

तेवढी भजी खा आणि उठा. पलीकडच्या वाडीतली कोण कोण आहेत? तुम्ही डांबरी रस्त्याने जा. उशीर झाला तर झाला, घरच्यांना मी सांगेन. खारबांधाने जायचं नाही. आज नाही, कधीच नाही. बांधावर सोडलेली गंगारामची सायकल सकाळी पाण्यात होती, अजून तिथेच आहे. ओहोटीला तिचं हँडल वर दिसतं. आणायला कोणी गेलेलं नाही, तो स्वतःही नाही.

अंग पुसलंत का सगळ्यांनी? नीट पुसा. केसही.