बर्फातल्या कोंबड्या

बर दुबईच्या धक्क्यावर खाडीपार नेणारी अब्रा होडी प्रवाशांनी भरण्याची प्रतीक्षा करीत बसलेल्या अनंतरावांच्या कानी, पाठीमागील बाकावरील दोन रत्नागिरीकर स्त्रियांचे संभाषण पडले आणि त्यांच्या हातातील वर्तमानपत्र आपोआप मिटले गेले.

"खैरूनआपा, कॅनडातली सुमैय्या अजून फोनवर रडते?"

"रडणारच, रुकय्या. कंबरभर बर्फ, जावई कामावर, बोलायला माणूस नाही. शेवटी त्यानं परसात कोंबड्या आणून दिल्या."

"बर्फात कोंबड्या? या अल्ला!"

"त्यांचे तुरे गारठून काळे पडायला लागले. मी म्हटलं, खोबरेल चोळ."

"बरोबर सांगितलंत."

"कसलं बरोबर! बाटलीत तेलाचा दगड झाला. मग बाटली काखेत धरून तिनं ते पातळ केलं, आणि एकेकीला मांडीवर घेऊन चोळलं."

"वाचल्या?"

"अलहमदुलिल्ला, अंडीसुद्धा देतायत."

"आणि पोरगी? येतेय का परत?"

"काल तेच विचारलं. मन लागत नसेल तर ये निघून, म्हटलं. तर म्हणे, अम्मी, फोन ठेवते, अंडी उचलायला उशीर झाला की गोठून फुटतात."

"आणि ठेवला?"

"ठेवला! माझ्याआधी तिनं ठेवला गं, पहिल्यांदाच."